खांद्यावरची मांजर, कोंबडा आणि इस्पिकचा एक्का: फॉर्मेशन साइन वाचायची कशी?

रानवाट्या
दुसऱ्या महायुद्धातल्या भारतीय डिव्हिजनांच्या खांद्यावरच्या खुणा एका ओळीत मांडून बघा. ४ थी: काळ्यावर लाल गरुड. ५ वी: काळ्यावर नुसता लाल गोळा. ७ वी: सोनेरी बाण. १७ वी: काळी मांजर. २३ वी: झुंजीचा कोंबडा. २५ वी: इस्पिकचा एक्का. २६ वी: त्रिकोणातून पाऊल टाकणारा वाघ. एकाही खुणेवर अक्षर नाही की आकडा नाही. उलट आजकाल दिसणारे पॅच पाहिले तर कवटी, पंख, दोन रायफली, वर ब्रीदवाक्य, खाली साल. माझं मत स्पष्ट आहे: जुन्या खुणा सरस होत्या.

आता प्रश्न. एका लिलावाच्या यादीत एक पॅच आहे: लाल चौकोन, त्यावर पिवळा हात, हातात सरळ पात्याचं हत्यार. विक्रेता म्हणतो, '२० वी भारतीय डिव्हिजन, १९४४, मूळ'. कडेला जाड, गोल, ओव्हरलॉकसारखी शिलाई दिसते. जाणकारांचं काय म्हणणं?

दप्तरदार
आधी एक घोळ निस्तरू, नाहीतर शंभर प्रतिसादांनंतरही तोच राहील. पलटणीचा (रेजिमेंटचा) बॅज वेगळा आणि फॉर्मेशन साइन वेगळी. पलटण म्हणजे सैनिकाचं घराणं, ते बदलत नाही. फॉर्मेशन म्हणजे लढाईसाठी अनेक पलटणींतल्या बटालियन एकत्र बांधून केलेलं दल; लहानाकडून मोठ्याकडे ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, आर्मी. बटालियन या डिव्हिजनमधून त्या डिव्हिजनमध्ये गेली की दंडावरची खूण उसवायची आणि नवी लावायची.

सगळ्यात सोपं उदाहरण आपल्या मराठा पलटणीचं. नाईक यशवंत घाडगे ३/५ मराठा लाइट इन्फन्ट्रीचे (म्हणजे ५ व्या पलटणीची ३ री बटालियन). १० जुलै १९४४, इटलीतलं वरचं टायबर खोरं, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. शिपाई नामदेव जाधव १/५ मराठाचे. ९ एप्रिल १९४५, इटलीतलीच सेनिओ नदी, व्हिक्टोरिया क्रॉस. पलटण एक, देश एक, पण ३/५ होती १० व्या डिव्हिजनमध्ये आणि १/५ होती ८ व्या. म्हणजे दोघांचं घराणं एकच, पण दंडावरची खूण वेगळी.

खडूफळा
'पॅच'ला मराठी शब्द काय? बिल्ला?

दप्तरदार
बिल्ला धातूचा, चपराशाच्या पट्ट्यावरचा. हे कापडी आहे. फौजेत सगळे 'फॉर्मेशन साइन'च म्हणतात. मी 'खूण' म्हणतो, भागतं.

आग्यावेताळ
दंडचिन्ह! (हलके घ्या)

टेहळ्या
अक्षर-आकडा का नाही, याचं उत्तर सौंदर्यदृष्टीत शोधू नका, ते गुप्ततेत आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी ही पद्धत आणली तेव्हा दोन परस्परविरोधी गरजा होत्या. आपल्या माणसाला लांबून कळलं पाहिजे की ही गाडी, हे सामान, हा जवान कुठला. आणि शत्रूच्या हेराला '५ वी डिव्हिजन' असं सरळ वाचता येता कामा नये. म्हणून आकड्याऐवजी चित्र. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी या खुणा मोडीत काढल्या आणि १९४० नंतर पुन्हा काढल्या.

अर्थात हे कुलूप लेचंपेचंच. एक कैदी किंवा एक प्रेत हाती लागलं की खूण आणि डिव्हिजन यांची जोडी शत्रूच्या वहीत चढते. म्हणून मोठ्या हालचालीआधी दंडावरच्या खुणा काढायच्या आणि गाड्यांवरच्या रंगवून झाकायच्या, असे हुकूम निघत. याचा उलटा वापरही झाला. १९४४ साली नॉर्मंडीवरच्या चढाईआधी अमेरिकेने अस्तित्वातच नसलेल्या डिव्हिजनांचे पॅच तयार केले. सैन्य कागदावर, खूण मात्र खरी!

आग्यावेताळ
आणि ब्रिटिशांची ५१ वी हायलँड डिव्हिजन? 'एचडी' ही दोन अक्षरं इतक्या भिंतींवर आणि मैलांच्या दगडांवर रंगवत सुटली की बाकीचे त्यांना 'हायवे डेकोरेटर्स' म्हणायला लागले. गुप्तता गेली तेल लावत.

चिंचेचापार
१७ व्या डिव्हिजनची मांजर. आपल्याकडे काळी मांजर आडवी गेली तर माणूस दोन मिनिटं थांबून पुढे जातो. अख्खी डिव्हिजन दंडावर मांजर घेऊन फिरत होती म्हणजे रोज अपशकुन!

टेहळ्या
ब्रिटनमध्ये काळी मांजर बहुतेक ठिकाणी शुभ मानतात. त्यांचा शकुन आपला अपशकुन. पण इथे शकुनापेक्षा वेळ महत्त्वाची आहे. १७ वी आधी विजेची रेघ लावायची. १९४२ साली ब्रह्मदेशातून माघार घ्यावी लागली, त्यानंतर वीज गेली आणि मांजर आली. हरलेल्या तुकडीला नवा चेहरा देणं हा खूण बदलण्यामागचा एक जुना हेतू आहे. आणि मांजर अशी चिकटली की आजच्या १७ व्या माउंटन डिव्हिजनलाही 'ब्लॅक कॅट'च म्हणतात.

दप्तरदार
प्राणी निवडताना भारतीय डिव्हिजनांना एक जादा अडचण होती. ब्रिटिशांच्या ३० व्या कोअरने काळं रानडुक्कर लावलं, त्यांचं काही बिघडलं नाही. भारतीय डिव्हिजनमध्ये एका बाजूला पंजाबी मुसलमान, दुसऱ्या बाजूला मराठे, शीख, गुरखे, शिवाय ब्रिटिश बटालियन. डुक्कर बाद, गाय बाद, कुठल्याही एका धर्माचं चिन्ह बाद. उरतं काय? गरुड, वाघ, कोंबडा, मांजर, हत्यारं आणि पत्त्यांचा एक्का. वर सैनिकांच्या लिप्याही चार: रोमन, उर्दू, देवनागरी, गुरुमुखी. अक्षर लिहायचं तर कुठल्या लिपीत? चित्र सगळ्यांना वाचता येतं.

चिंचेचापार
डुकराला वराह अवतार म्हणून पास करून घेतलं असतं आम्ही.

दप्तरदार
तुम्ही केलं असतं, शेजारच्या कंपनीने नसतं.

खडूफळा
इस्पिकचा एक्का मस्त आहे. तोच ना, थोरातांच्या वेळचा?

दप्तरदार
हो, २५ वी डिव्हिजन. तिच्या ५१ व्या ब्रिगेडमध्ये आराकानात (ब्रह्मदेशाच्या पश्चिम किनाऱ्यावर) तीन भारतीय बटालियन कमांडर एकत्र होते: एस. पी. पी. थोरात (२/२ पंजाब), के. एस. थिमय्या (८/१९ हैदराबाद) आणि एल. पी. सेन (१६/१० बलुच). जानेवारी १९४५ च्या कांगाव लढाईत तिघेही होते आणि तिघांनाही डीएसओ (डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर) मिळालं. थिमय्या पुढे लष्करप्रमुख झाले, थोरात ईस्टर्न कमांडचे प्रमुख झाले. तिघांच्या दंडावर हाच एक्का. राजौरीची आजची २५ वी डिव्हिजन तो अजून लावते.

सुईदोरा
मूळ प्रश्नाकडे येते. छायाचित्र न बघता, फक्त वर्णनावरून दोन गोष्टी.

एक, विक्रेत्याने डिव्हिजनच चुकवली आहे. लाल चौकोन, पिवळा हात, खुपसायच्या पवित्र्यात धरलेला खंजीर ही १९ वी, म्हणजे 'डॅगर'. मेजर जनरल रीस यांची, मार्च १९४५ मध्ये मंडाले घेणारी. २० वी (ग्रेसी यांची) काळ्यावर पांढरी: मुठीत धरलेली तलवार, पातं वक्र. हात दोन्हींत असल्याने हा गोंधळ नेहमीचा. पातं बघायचं. सरळ आणि आखूड तर १९, लांब आणि बाकदार तर २०. रंग उडालेला असला तरी पात्याचा आकार उडत नाही.

दोन, कड. जाड दोऱ्याने कडेभोवती गुंडाळल्यासारखी गोल शिलाई असेल तर तिला मेरो कड म्हणतात. तिचं खास मशीन असतं आणि पॅचवर ती सर्रास दिसायला लागली ती साठच्या दशकानंतर. १९४४ च्या भारतीय पॅचवर ती असण्याचं कारण नाही. मेरोची आणखी एक ओळख: शेपूट. दोरा संपतो तिथे दोन-तीन सेंटिमीटर गोफ उरतो. तो मागे वळवून चिकटवतात किंवा टेप लावतात. पॅच उलटा करून एका कोपऱ्यात ते शेपूट सापडतं का ते बघा.

जुनाबाजार
कडेवरून इतका झटपट निकाल देऊ नये. सुटणारी कड नंतर कोणीतरी बांधून घेतली असेल तर? मूळ पॅचवर नंतरची दुरुस्ती असते.

सुईदोरा
मान्य, शक्य आहे. पण दुरुस्तीची कड मूळ भरतकामाच्या वर चढलेली दिसते आणि कोपऱ्यात नक्षी अर्धवट झाकते. पॅच मुळातच मेरोसाठी बनवला असेल तर नक्षी आणि कड यांत सगळीकडे सारखी दोन-तीन मिलिमीटर जागा सोडलेली असते. रानवाट्या, ते मोजता येईल का?

रानवाट्या
विक्रेत्याकडून मागची बाजू आणि कोपऱ्यांचे जवळून फोटो मागवले आहेत. आले की लिहितो. तोवर त्या काळी बनवायचे कसे ते सांगा.

जुनाबाजार
तीन-चार प्रकार सर्रास. पहिला, सुती कापडावर छापलेला. ब्रिटनमध्ये युद्धकाळात काटकसर म्हणून हा रूढ झाला. याच्या कडा मागे दुमडून शिवायच्या. दुसरा, नमदा किंवा लोकरी कापडाचे तुकडे कापून एकावर एक शिवलेला. तिसरा, हाताने किंवा साखळी टाक्याच्या मशीनवर भरलेला. चौथा जरीचा, बहुतेक अधिकाऱ्यांनी पदरच्या पैशाने करवून घेतलेला. भारतात छावणीच्या बाजारातल्या शिंप्यांनी हजारो बनवले. नमुना एक, हात शंभर. त्यामुळे मांजरीची शेपटी कुठे वर, कुठे आडवी. कोंबड्याचा तुरा कुठे तीन टोकांचा, कुठे पाच. नक्षी 'चुकली' म्हणून पॅच खोटा ठरत नाही. उलट एकसारखे, कडक इस्त्रीचे वीस नग एकदम विक्रीला आले तर सावध व्हा.

सुईदोरा
+१. आज मशीनवर बनवताना काय होतं ते लिहिते, म्हणजे नवा माल ओळखता येईल.

सगळ्यात सोपी खूण कुठली वाटते? ५ व्या डिव्हिजनचा लाल गोळा. भरायला तोच सगळ्यात छळतो. टाका ज्या दिशेने जातो त्या दिशेने दोरा कापड आत ओढतो आणि काटकोनात बाहेर ढकलतो. ५० मिलिमीटरचं अचूक वर्तुळ मशीनला दिलं तर अंडं बाहेर येतं. म्हणून संगणकावर टाके आखतानाच ते टाक्याच्या दिशेने थोडं लांबट काढावं लागतं. दर कडेला ०.२ ते ०.४ मिलिमीटर जादा धरायचे; कापड सैल असेल तर त्याहून जास्त. भरीव भागाखाली आधी विरळ पायाचे टाके, त्यावर आडव्या दिशेने ०.४ मिलिमीटर अंतराने भराई. अंतर ०.३ च्या खाली नेलं की पॅच पुठ्ठ्यासारखा होतो आणि सुई तुटते. ०.५ च्या वर गेलं की खालचं कापड डोकावतं.

काठाचा सॅटिन टाका एक मिलिमीटरपेक्षा अरुंद नको, कापडाला भोकं पडून ते फाटतं. सात-आठ मिलिमीटरपेक्षा रुंद नको, दोरा लोंबतो आणि अडकतो. अक्षराची उंची पाच मिलिमीटरच्या खाली गेली की मशीन अक्षर काढत नाही, मुंग्या काढतं. देवनागरीला तर आणखी जागा लागते, कारण वर वेलांटी आणि खाली उकार. चर्चेच्या सुरुवातीला ज्या ब्रीदवाक्यांबद्दल तक्रार आहे ती इथेच मरतात.

आणि लाल पॅचला लाल दोऱ्याने भरू नका. लाल ट्विल कापड घ्या, मागे कापून टाकायचं जाड बकरम लावा आणि फक्त हात आणि खंजीर भरा. दोरा वाचतो, चुण्या पडत नाहीत.

आग्यावेताळ
वाचनखूण साठवली. दंडवत घ्या ताई.

टेहळ्या
सुरुवातीच्या पोस्टमधल्या मताशी मात्र मी असहमत. रानवाट्या, तुम्ही तुलना चुकीच्या गोष्टींची करताय. कवटी, पंख आणि ब्रीदवाक्य हे हौसेचे पॅच. तुकडीतली मुलं वेल्क्रोवर लावतात किंवा बाजारात पर्यटक घेतात. भारतीय सेनेच्या फॉर्मेशन साइन आजही बहुतांश बिनअक्षरी आहेत. भोपाळच्या २१ व्या कोअरचं सुदर्शन चक्र, श्रीनगरच्या १५ व्या कोअरचं चिनारचं पान. चिनार तर पाच सेकंदांत काढता येतो.

शिवाय पार्श्वभूमीची भाषाही टिकून आहे. लाल-काळा-लाल आडवे पट्टे म्हणजे कमांड, लाल-पांढरा-लाल म्हणजे कोअर. पुण्यात कॅम्पातून जाताना सदर्न कमांडच्या गाड्यांवर पहिला प्रकार दिसतो. मधलं चित्र ओळखू आलं नाही तरी पट्टा बघून पातळी कळते.

रानवाट्या
हे पटलं. मत अर्धं मागे घेतो. अर्धं ठेवतो, कारण बाजारातले ते पॅच खरंच भयाण असतात.

खडूफळा
१४ व्या आर्मीची तलवार उलटी का असते? टोक खाली. कुठल्याही ढालीवर तलवार टोक वर करून असते ना?

टेहळ्या
मुद्दाम. ती खूण तिचे सेनापती स्लिम यांनी स्वतः आखली. युरोपीय ढालींच्या शास्त्राप्रमाणे टोक वर हवं. पण १४ वी आर्मी भारतातून उतरून ब्रह्मदेश परत घेणार होती, उत्तरेकडून दक्षिणेकडे. नकाशावर उत्तर वर, म्हणून टोक खाली. मुठीवर रोमन अंकांत चौदा. ढालीवरचा लाल आणि काळा पट्टा म्हणजे वर सांगितलेलीच लाल-काळ्याची भाषा. एवढ्याशा कापडावर मोहिमेचा अख्खा आराखडा. शत्रूने नीट वाचला असता तर!

चिंचेचापार
अवांतर: अमेरिकेच्या एका डिव्हिजनच्या दंडावर स्वस्तिक होतं, हे खरं का?

टेहळ्या
खरं. ४५ वी डिव्हिजन, नॅशनल गार्ड. पत्त्यांतल्या चौकटच्या लाल आकारावर पिवळं स्वस्तिक, तिथल्या मूळनिवासींचं शुभचिन्ह म्हणून. चौकटच्या चार बाजू म्हणजे ओक्लाहोमा, अॅरिझोना, कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिको. जर्मनीत काय चाललंय ते दिसल्यावर ते काढलं आणि १९३९ मध्ये थंडरबर्ड पक्षी आणला. लाल चौकट आणि पिवळा रंग तसेच ठेवले. खूण बदलताना रंग टिकवले की जुन्या लोकांना ती परकी वाटत नाही.

खडूफळा
आणि फाळणीत खुणांची वाटणी कशी झाली? टेबल-खुर्च्यांचीही झाली होती म्हणे.

दप्तरदार
सोनेरी बाणाची गंमत बघा. जुनी ७ वी डिव्हिजन पाकिस्तानच्या वाट्याला गेली. त्यांची ७ वी अजून 'गोल्डन अॅरो' आहे. भारताने नंतर ७ वी डिव्हिजन उभी केली, फिरोजपूरला. तिचं नावही 'गोल्डन अॅरो'. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना एकच बाण.

जुनाबाजार
आणखी एक तपासणी: तोंड कुणीकडे. प्राण्याचं तोंड पुढे, म्हणजे छातीच्या दिशेला हवं, पाठीकडे तोंड म्हणजे पळ काढल्यासारखं. म्हणून दोन्ही दंडांवर लावायच्या खुणा आरशातल्या जोडीने बनवत. ब्रिटिश एअरबोर्न (विमानातून उतरणाऱ्या) सैन्याचा पंखवाला घोडा पेगासस हे ठळक उदाहरण. एकच तोंड असलेले दोन नग 'जोडी' म्हणून विकत असतील तर ती जोडी नव्हे. अमेरिकनांचा हिशेब वेगळा: डाव्या दंडावर सध्याची तुकडी, उजव्यावर ज्या तुकडीबरोबर युद्ध पाहिलं ती. आणि उजव्या दंडावरचा त्यांचा झेंडा 'उलटा' दिसतो तो याच नियमाने: तारे पुढे.

रानवाट्या
फोटो आले. मागची बाजू: सगळीकडे पांढरा दोरा, त्यावर चकचकीत पातळ पापुद्रा. डाव्या खालच्या कोपऱ्यात गोफासारखं काहीतरी चिकटवलेलं. पुढे हात आणि कड यांत सगळीकडे अडीच मिलिमीटर. पातं सरळ. विक्रेत्याने निळ्या दिव्याखालचा फोटोही दिला आहे. त्यात पिवळा दोरा अजिबात चमकत नाही, 'म्हणून मूळ' असं त्याचं म्हणणं.

सुईदोरा
शेपूट सापडलं. पापुद्रा म्हणजे इस्त्रीने चिकटवायचं प्लास्टिक. पांढरा दोरा बॉबिनचा. एकसारखी जागा, म्हणजे मुळातच मेरोसाठी आखलेला. नवा माल आहे, आणि १९ वीचा.

निळ्या दिव्यावर (अतिनील किरणांवर) फार विसंबू नका, दोन्हीकडून फसवतो. युद्धानंतरच्या दोऱ्यांत आणि कापडांत चमक आणणारी रसायनं आली म्हणून नवा माल उजळतो, हे खरं. पण प्रत्येक नवा दोरा उजळतोच असं नाही, गडद आणि पिवळे रंग तर बरेचदा नाहीच. आणि खरा जुना सुती पॅच आजच्या धुण्याच्या पावडरीत एकदा धुतला तरी तो उजळतो, कारण तीच रसायनं पावडरीत असतात. उजळला म्हणून खोटा नाही, नाही उजळला म्हणून खरा नाही.

शंका राहिलीच तर मागच्या बाजूचं दोन मिलिमीटर सुटं टोक चिमट्यात धरून जाळा. सुती दोऱ्याला कागद जळल्याचा वास येतो आणि राख भुरभुरीत होते. पॉलिएस्टर वितळून टणक मणी होतो. रेयॉनही कागदासारखाच जळतो, तेव्हा ही चाचणी फक्त पॉलिएस्टर पकडते. अख्खा पॅच जाळू नका.

आग्यावेताळ
शेवटच्या वाक्याची गरज होती. अनुभवाचे बोल असावेत.

जुनाबाजार
ज्यांच्याकडे खरे आहेत त्यांच्यासाठी, विशेषतः कोकण-मुंबईच्या दमट हवेत. लोकरी पॅचला कसर लागते, तर खळ लावलेल्या सुतीवर झुरळं आणि चांदीचे किडे येतात. डांबरगोळ्या प्लास्टिकच्या पाकिटात घालू नका, वाफेने प्लास्टिक मऊ पडून कापडाला चिकटतं. कसर दिसली तर पॅच हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर थंड कापडावर दव धरतं. जरीचं काम काळं पडलं तर पितळ उजळायची पॉलिश लावू नका, मुलामा निघून जातो. चौकटीत लावायचा तर गोंद नाही, कोपऱ्यांत चार सैल टाके.

खडूफळा
आणि असा पॅच जॅकेटवर लावून फिरलं तर?

दप्तरदार
मी सैनिक आहे असा समज व्हावा या हेतूने सैनिकाचा पोशाख किंवा खूण वापरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद. शब्द 'हेतू' हाच आहे. पण चालू फॉर्मेशनची खूण असेल तर छावणीच्या फाटकावर हेतू समजावत बसायची वेळ आणू नये.

रानवाट्या
सगळ्यांचे आभार. विक्रेत्याला कड, शेपूट आणि पातं, तिन्ही मुद्दे कळवले. यादीत आता '२० वी' खोडून '१९ वी' केलं आहे. 'मूळ' तसंच आहे.